वीस मिलिलिटर

ओनोदेरा किसाबुरो, वय एक्क्याऐंशी.
रात्री नऊनंतर पोटात पाण्याशिवाय काही नाही.
दारात बूट काढताना म्हणाले, यंदा बर्फ उशिरा आलं.
मी हो म्हटलं.
कितामीत सगळे आधी बर्फाबद्दल बोलतात,
मग पोटाबद्दल.

अर्जावर ठसठशीत अक्षर :
दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. हृदयाचे ठोके अनियमित.
म्हणजे नेहमीचं इंजेक्शन नाही.
डॉक्टर हिरोनाकांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं
आणि मी दुसरं कपाट उघडलं.

डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी.
दातांत प्लास्टिकची कडी.
माझा हात त्यांच्या पाठीवर,
या खोलीतलं सगळ्यात जुनं औषध तेच.

पडद्यावर आधी बोगदा, मग एकदम मोकळं,
गुलाबी, ओलं, वळ्यावळ्यांचं.
आणि लाटा.
वीसेक सेकंदांनी एक,
चहूबाजूंनी उठते, आवळत पुढे सरकते,
तळाच्या दाराशी जाऊन मिटते.
दळायला दाणा नाही, तरी जातं
आपलं फिरतंय.

"इथे काहीतरी आहे."
लाट आली. नाही.
लाट गेली. आहे, तांदळाच्या कणीएवढं, फिकट.
लाट आली.

माणसाला सांगता येतं, हलू नका.
ओनोदेरासान तर ओंडक्यासारखे पडून होते.
पण पोट कुणाच्या बापाचं ऐकतं?
जन्मभर ज्याच्यासाठी राबायचं
त्याला आपली ओळखही नसते.

मी सिरिंज भरली. वीस मिलिलिटर, दुधाळ.
पेपरमिंटचा अर्क, पाण्यात मिसळलेला.
नळीतून सावकाश सोडला,
तो त्या गुलाबी भिंतीवरून ओघळत गेला.
मी मनात आकडे मोजू लागले.
एक लाट आली, अर्ध्या वाटेत
कशाला निघाले होते हेच विसरली.
पुढची नुसती थरथरली.
त्यापुढची

डॉक्टर म्हणाले, "आता."
निळा उजेड. अगदी जवळ.
कणी जागच्या जागी, तिच्या काठासकट.
चिमटा माझ्या हातात :
उघडा. थोडं पुढे. मिटा.
रक्ताचा एक थेंब, त्यालाही घाई नव्हती.

नंतर ते उठून बसले, हनुवटी पुसली,
आणि ढेकर आली.
थबकले.
म्हणाले, "हा... हा..."
घसा बधिर, जीभ जड. मला वाटलं पाणी मागतायत,
तासभर पाणी नाही, मी बजावलं.
त्यांनी मान हलवली, शब्द पुन्हा जुळवला :
"हाक्का."
पेपरमिंट.

मग तोंडातल्या तोंडात, तुटक तुटक :
वडिलांची भट्टी, ओढ्यापलीकडे.
सप्टेंबरात कापलेल्या जुड्या टांगायच्या, वाळवायच्या,
मग रात्रभर वाफ.
पाण्यावर तरंगणारं तेल पत्र्याच्या डब्यात.
ठरलेल्या मुलीने पहिल्यांदा हात धरला तेव्हा विचारलं होतं,
तुमचे हात इतके गार कसे?
पुढे बाहेरून स्वस्त माल आला, भाव बसला.
तेवीस वर्षं कांदे लावले.
"डोळ्यांचं वाटोळं तेव्हाच झालं असणार,"
आणि स्वतःच हसले, लाळ सांडेपर्यंत.

मग एकदम : "हे कुठलं?"
मी खोका उलटा करून पाहिला.
कारखान्याचं नाव. तारीख. क्रमांक.
कुणाचं रान, कुठला ओढा, काही नाही.
इथलंच असेल, असं मी म्हणणार होते.
माझ्या तोंडावर ते आलंही असावं,
कारण ते म्हणाले, असू दे, असू दे.

कणीचं काय ते दोन आठवड्यांनी कळेल.
तोवर ती काचेच्या बाटलीत, त्यांच्या नावाखाली.
त्यांनी बूट घातले, नाड्या दोनदा चुकल्या.
मी दार धरून उभी होते.
बाहेर उणे सहा.
पायरीवर थांबून त्यांनी तोंड उघडलं
आणि थंडी आत ओढून घेतली,
मुद्दाम,
पुन्हा एकदा.